पोटरीत खडा बसल्यासारखं झालं, आता जानेवारीचं काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नेरूळला राहते, वय ४४, शाळेत शिक्षिका आहे. दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात आणि येत्या जानेवारीत मुंबईला पहिल्यांदाच पूर्ण ४२ पळायचं ठरवलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या ग्रुपची २६ किलोमीटरची लाँग रन होती. पहाटे नेरूळहून निघालो, पाम बीच रोडने बेलापूरचं टोक, मग उलटं वाशीकडे आणि तिथून परत. सोळाव्या किलोमीटरला, मोराज सर्कलच्या जरा पुढे, उजव्या पोटरीवर मागून कुणीतरी खडा मारावा तसं झालं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही. ग्रुपमधले म्हणाले, गोळा आलाय, मीठ-लिंबू घे, पोटरी ताण आणि चल. तशीच लंगडत पळत नेरूळ गाठलं. घरी सासूबाईंनी तेल कोमट करून पोटरी चांगली रगडून दिली. संध्याकाळी ती टम्म सुजली आणि चौथ्या दिवशी घोट्यापाशी निळं-जांभळं झालं. दुखतंय पोटरीत, मग घोटा निळा का? त्याच आठवड्यात पारसिक हिलवर चढाचे रिपीट्स, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा पळणं, केले होते आणि शूजही नवे होते, तेही सांगून ठेवते. माझी जानेवारी गेली का?

उत्तर : तुम्ही वळून पाहिलंत, तिथेच निम्मं निदान झालं. पोटरीचा वरचा मोठा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, आतल्या बाजूला फाटतो तेव्हा पेशंट हमखास मागे बघतात. नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये एक काका आले होते, ते तर मागून येणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडून आले होते.

गोळा वेगळा. गोळा आला की स्नायू आखडून घट्ट होतो, पायाचा पंजा स्वतःकडे ओढला की हळूहळू सुटतो आणि जीव भांड्यात पडतो. फाटलेला स्नायू ताणला की कळ वाढते. मीठ-लिंबाने तुमचं काही बिघडलं नाही, पण भर रस्त्यात उभं राहून पोटरी ताणली, ते त्या फाटलेल्या धाग्यांना महागात पडलं असणार. घोट्याच्या निळेपणाची काळजी करू नका. आत जमलेलं रक्त दिवसभराच्या उभं राहण्याने खाली उतरतं, आणि शिक्षिका म्हणजे उभं राहणं आलंच.

मात्र दोन गोष्टी आजच तपासा. पलंगावर पालथ्या झोपा, पाऊल कडेबाहेर लोंबू द्या आणि घरातल्या कुणाला तरी पोटरी मुठीत धरून हलकेच दाबायला सांगा. पाऊल खाली झुकायला हवं. ते हललंच नाही, तर टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटलेली असू शकते. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. दुसरं, सूज उतरायची सोडून वाढतच असेल, पोटरी गरम आणि लाल लागत असेल, नुसतं बसूनही ठणकत असेल, तर पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी झालेली नाही ना, हे कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून बघावं लागतं. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्लिनिकची वेळ बघत बसू नका, थेट हॉस्पिटल. या दोन्ही गोष्टी ‘स्नायू दुखावलाय’ या नावाखाली घरी दडून राहतात, म्हणून इतकं लांबण लावलं.

सासूबाईंची माया मला कळते. पण ताज्या फाटीवर पहिले दोन-तीन दिवस शेक आणि रगडणं दोन्ही वर्ज्य. आतला रक्तस्राव वाढतो. तेलाची वाटी बाजूला ठेवायला सांगताना खुशाल माझं नाव पुढे करा.

आता बरं कसं व्हायचं. क्रेप बँडेज पावलापासून वर गुडघ्याकडे गुंडाळा, रात्री काढा. दोन्ही शूजमध्ये टाचेखाली छोटं सिलिकॉनचं पॅड घाला, म्हणजे पोटरीला पूर्ण ताणावं लागत नाही. चालणं बंद करू नका, लंगडायला लागणार नाही इतपत चाला. मग भिंतीला हात टेकवून दोन्ही पायांच्या टाचा उचलणं, ते जमलं की एका पायावर. हे गुडघा सरळ ठेवून करा आणि थोडा वाकवूनही करा. वाकवून केलं की आतला सोलियस नावाचा स्नायू कामाला लागतो. पळताना मोठा भार तोच उचलतो, आणि व्यायामात सगळे त्यालाच विसरतात. उजव्या पायावर, न दुखता, डाव्याइतक्याच उंच वीसेक टाचा उचलता आल्या आणि एका पायावर उड्या मारता आल्या, की मिनिटभर पळा, मिनिटभर चाला, इथून सुरुवात. तुमच्या वर्णनावरून फाट मधल्या दर्जाची वाटते. तिला चार ते आठ आठवडे लागतात. नक्की दर्जा तुमच्या इथल्या फिजिओने पाय हातात घेऊन बघितल्यावरच कळेल. आणि लाँग रनच्या आधी पेनकिलर घेऊन निघायची जी टूम ग्रुपांमध्ये आलीये, तिच्या नादी लागू नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीला जड जातात, शिवाय थांबायला सांगणारी कळच दबते.

कारण शोधायला फार लांब जायला नको. चढ, नवे शूज आणि २६ किलोमीटर, तिन्ही एकाच आठवड्यात. नव्या शूजची टाच जुन्यापेक्षा बुटकी आहे का, दोन्ही शेजारी ठेवून बघा. बुटकी असेल तर पोटरीवरचा सगळा हिशेबच बदलतो.

मला खरा राग आहे तो मोराज सर्कल ते नेरूळ या टप्प्याचा. तुमच्यावर नाही, रूट आखणाऱ्यांवर. पाम बीच सुंदर आहे, सपाट आहे, पहाटे खाडीवरून गार वारा येतो, मान्य. पण लांबच लांब एकमार्गी जाऊन परत यायचं म्हटलं की दुखावलेल्या माणसाला थांबणं हीच मोठी शिक्षा होते. रिक्षा हात दाखवून थांबेलच असं नाही, गाडी नेरूळला लावलेली, खिशात पैसे नाहीत आणि ग्रुप पुढे गेलेला. मग माणूस पळतो. फाट एक क्षणात होते, तिचा आकार पुढच्या किलोमीटरांत ठरतो. तुम्ही होतात तिथून सानपाडा स्टेशन चालत गाठण्यासारखं होतं, आणि तिथून नेरूळ दुसरं स्टेशन. रविवारचा मेगाब्लॉक असला तरी तो अकराच्या सुमारास सुरू होतो. तिकिटापुरते पैसे आणि फोन, एवढं कमरेच्या पट्ट्यात असतं तर तुम्ही तासाभरात घरी पाय उशीवर ठेवून पडला असता.

म्हणून पुढच्या लाँग रन फेऱ्यांच्या करा. घराभोवती किंवा गाडीभोवती पाच-सहा किलोमीटरची फेरी, हवी तितक्या वेळा. कंटाळा येतो, ठाऊक आहे. माझे पेशंटही कुरकुरतात. पण कुठूनही थांबलात तरी घर दोन-तीन किलोमीटरच्या आत. ग्रुपमध्ये शेवटच्या माणसामागे एक सायकलवाला ठेवा, हेही सुचवून बघा.

जानेवारीचं स्पष्ट सांगते : पहिली फुल यंदा नको. जेमतेम दहा आठवडे उरलेत, त्यातले निम्मे पाय बरा होण्यात जातील आणि उरलेल्यात तीस-बत्तीसपर्यंत पोचायची घाई होईल. मुंबईच्या फुलमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, पाय थकलेले असताना. नुकत्या सांधलेल्या पोटरीची परीक्षा तिथे बघू नका. एन्ट्री फी गेल्याचं वाईट वाटेल. वाटू द्या.

प्रश्न : मी ठाण्यात वसंत विहारला राहतो. रविवारी उपवनपासून येऊर चढून परत येतो. चढताना काही होत नाही, पण उतरताना दर वेळी साधारण त्याच ठिकाणी डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरल्यासारखं दुखतं. थांबलो की जातं. गुडघा झिजलाय का?

उत्तर : बाहेरची बाजू, उतार आणि ठरावीक अंतर, या तीन खुणांवरून गुडघा झिजल्याचं वाटत नाही. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत खाली येणारा जाड पट्टा, आयटी बँड, तिथे चिडतो. गुडघ्याला सूज असेल किंवा तो मध्येच अडकत असेल तर मात्र दाखवून घ्या. नाहीतर महिनाभर येऊर पळत चढा आणि चालत उतरा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम रोज करा, कारण हे दुखणं बऱ्याचदा कमरेच्या बाजूचे स्नायू कच्चे असल्याने येतं. सपाटीवर पळताना रस्त्याच्या एकाच कडेने पळू नका, तिथला आडवा उतार एका पायाला नडतो. दुखायची जागा यायच्या आधीच थांबा, दुखल्यावर नको. महिन्याने फरक नाही पडला तर येताना जुने शूज घेऊन या, तळ कुठे झिजलाय ते मला बघायचंय.