जुनी ॲम्बॅसेडर दोनदा अलाइनमेंट करूनही डावीकडे का ओढते?

पुढचे सगळे बुश (सांध्यांतले रबर) नवीन, दोनदा अलाइनमेंट, तरी गाडी डावीकडे ओढते आणि डावा टायर बाहेरच्या कडेने खातो, असं तुम्ही म्हणता. अलाइनमेंटला नेली की बहुतेक ठिकाणी फक्त टो, म्हणजे वरून बघता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलीत तेवढंच, फिरवून देतात. टो चुकला तर टायर जातो, पण एकट्या टोमुळे गाडी सहसा ओढत नाही.

आधी दोन्ही पुढचे टायर अदलाबदल करून बघा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. आणि आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, तेवढी ओढ सोडून द्या.

माझा संशय उंचीवर आहे. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी कांब. बार परत बसवताना एका बाजूला त्याच्या टोकाचा दाता चुकला की ती बाजू वर राहते, चाकाचा माथा बाहेर झुकतो, आणि गाडी त्याच बाजूला जाते. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा. डिचोलीत आमचं खळं सपाट आहे असं मी धरून चाललो होतो. गवंड्याची पाण्याची नळी लावली तर बोटभर उतार निघाला! शेवटी चाकांखाली लाद्या सरकवून लेव्हल केली. मोजताना ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा.

बार सोडताना चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जॅकचा आधार हवाच, त्यात भरलेला पीळ हात मोडू शकतो. डावा बार उजवीकडे घालू नका.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळले. गाडी खाली घेतली तर नाक वर करून उभी, आणि एका पावसाळ्यात रबर फाटलं. बोल्ट ढिले ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून चारपाचदा दाबा, हातभर मागेपुढे ढकला, मगच आवळा.

उंची जुळली की टो. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजून बरोबर मध्ये आणा. दोन्ही टायरॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) दिसणारे आटे सारखे ठेवा. मग हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर टायरमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. मी रेडियल टायरवर पुढे मिलिमीटरभरच कमी ठेवतो.

उंची मोजलीत की दोन्ही आकडे इथे टाका.