परभणी-संभाजीनगर एसटीने येजा करतो. सोबत युकुलेले (गिटारसारखं छोटं वाद्य) नेऊन स्वतःच्या चाली बांधता येतील का?

येतील की! आणि भूप रागापासूनच सुरुवात करा. युकुलेलेच्या चार तारा नेहमी जी, सी, ई, ए या पाश्चात्त्य सुरांत लावतात. सी म्हणजे सा धरला, तर ई ग होतो, जी प आणि ए ध. म्हणजे भूपाच्या पाचपैकी चार सूर मोकळ्या तारांतच मिळतात. फक्त रे साठी सी च्या तारेवर दुसरा फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं दुसरं घर, दाबायचा. वरचा सा हवा असेल तर ए च्या तारेवर तिसरा. इतक्यात आठवडाभर खेळता येतं.

शब्दांशिवाय चाल सुचत नसेल तर आजीची जात्यावरची एखादी ओवी मनात म्हणा, तिच्या वजनावर सूर बसवा. मी तेच करतो. तुळजापूरचे गोंधळी तुणतुण्याच्या एका तारेवर रात्र जागवतात, आपल्याला तर चार मिळाल्यात!

बसमध्ये वाजवायचा हट्ट नको. सुचलेलं गुणगुणून मोबाईलवर रेकॉर्ड करा, वाजवणं बसस्थानकावर किंवा घरी. सोप्रानो हा छोटा आकार घ्या, साधारण २१ इंच, मांडीवर मावतो. टपावर किंवा डिकीत मात्र अजिबात टाकू नका. आपल्याकडचा मे महिना माहीत आहेच, उन्हात तापलं की ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीचा, गोंद सुटतो. माझा एक असाच गेला. तारा नायलॉनच्या असतात, नव्या असताना सारख्या उतरतात, त्यामुळे सूर जुळवायला ट्यूनरचं ॲप जवळ ठेवा.