दहा सेंटांची लढाई

प्रिय मित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कथामासिकाचा तुझा आराखडा वाचला. मुखपृष्ठावर चार पानं खर्ची घातलीस आणि वितरणावर दोन ओळी. म्हणून फ्रँक मन्सी या अमेरिकन मासिक-प्रकाशकाबद्दल लिहितो.

मेन राज्यातला हा तारऑपरेटर १८८२ मध्ये जेमतेम ४० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला आला आणि त्याच्या संपादनाखाली ‘गोल्डन आर्गसी’ हे मुलांचं साप्ताहिक निघालं. पाच महिन्यांत प्रकाशकाचं दिवाळं वाजलं. थकलेल्या पगारापोटी मन्सीनं साप्ताहिकच पदरात पाडून घेतलं आणि उधार-उसनवारीवर रेटलं.

खरी लढाई १८९३ ची. ‘मन्सीज मॅगझीन’ या आपल्या दुसऱ्या मासिकाची किंमत त्यानं २५ सेंटांवरून १० वर आणली. देशभरातलं मासिकांचं वितरण तेव्हा अमेरिकन न्यूज कंपनीच्या मुठीत होतं. एवढ्या स्वस्तात तिला परवडेना. तिनं अंक उचलायला नकार दिला. मन्सीनं थेट विक्रेत्यांना परिपत्रकं धाडली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, स्वतःची रेड स्टार न्यूज कंपनी उभी केली. गिऱ्हाईकच अंक मागू लागलं, तेव्हा बडी कंपनी नरमली. माझ्या मते त्याचं सगळं साम्राज्य या एका हट्टावर उभं आहे.

पुढे १८९६ मध्ये त्यानं ‘आर्गसी’तून (म्हणजे त्याच जुन्या ‘गोल्डन आर्गसी’तून) चित्रं, लेख सगळं काढून टाकलं. निव्वळ कथा, १९२ पानं, लाकडाच्या लगद्याचा खरखरीत कागद, किंमत तीच १० सेंट. कागदात वाचलेला पैसा पानांत गेला. वर्षानुवर्षं रखडणारा अंक १९०७ मध्ये पाच लाखांच्या घरात पोचला.

आता लेखकांचं. मन्सीच्याच ‘ऑल-स्टोरी’ मासिकानं १९१२ मध्ये टारझनची पहिली कादंबरी ७०० डॉलर देऊन छापली. पुस्तकाचे हक्क मात्र तिचा लेखक एडगर राइस बरोजनं स्वतःकडे राखले आणि पुढे स्वतःची कंपनी काढली. तुझ्या करारात सगळे हक्क कायमचे मासिकाचे आहेत. ते कलम आधी काढ. जाणता लेखक ते वाचून तुझ्या दारात पुन्हा उभा राहणार नाही.

मन्सीला आदर्श मात्र मानू नकोस. वर्तमानपत्रं विकत घ्यायची, एकात एक मिसळायची नाहीतर बंद करायची, हाही त्याचाच उद्योग. १९२५ मध्ये तो गेला. १९४२ मध्ये त्याची मासिकं पॉप्युलर पब्लिकेशन्सनं घेतली.

येत्या आठवड्यात चार स्टॉलवाल्यांना भेट. कमिशन किती, न खपलेले अंक कोण उचलणार आणि पैसे किती महिन्यांनी हातात येणार, ते मला लिहून कळव.

तुझा,
काका