‘जनुकीय सुधारित’ की ‘जनुकसंपादित’?

आर्वी तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, गावच्या शेतकरी मेळाव्यात एका कृषी संशोधकांनी बीटी कपाशी आणि धानाचे नवे वाण यांमागील दोन वेगळी तंत्रे समजावून सांगितली. पण वृत्तांतात दोन्हींसाठी ‘जनुकीय सुधारित’ हाच शब्द छापला गेला. तो योग्य आहे का?

दोन तंत्रांसाठी एक शब्द योग्य नाहीच. परंतु माझ्या मते हा शब्द एकट्या बीटी कपाशीसाठीही टाळावा. व्याकरणाचा आक्षेप लहान आहे: ‘सुधारित’ या धातुसाधित विशेषणाच्या आधी क्रियाविशेषण किंवा समास हवा, ‘जनुकीय’ हे दुसरे विशेषण नव्हे. अर्थाचा आक्षेप मात्र मोठा आहे. कृषी खात्याच्या आणि बियाण्याच्या दुकानातील भाषेत ‘सुधारित वाण’ म्हणजे सरळ वाण, ज्याची सरकी राखून पुढल्या वर्षी पेरता येते. त्याच्या उलट ‘संकरित वाण’, ज्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ‘रजत’ हे सुधारित वाण आहे. विदर्भात पेरली जाणारी बीटी कपाशी मात्र बहुतांशी संकरित आहे. तिला ‘सुधारित’ म्हटले की पऱ्हाटी लावणाऱ्याच्या मनात नेमका चुकीचा अर्थ उभा राहतो, आणि बियाण्याचा खर्च ज्याच्या माथी आहे त्याच्या बाबतीत ही चूक मला किरकोळ वाटत नाही. शिवाय ‘सुधारित’मध्ये प्रशंसा दडलेली आहे, तंत्राच्या नावाने आधीच निकाल देऊ नये.

बीटी कपाशीसाठी ‘पारजनुकीय’ हा शब्द नेमका आहे. २००२ साली भारतात लागवडीला परवानगी मिळालेल्या या कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे जनुक घातलेले होते, आणि २००६ पासून आलेल्या पुढच्या पिढीत अशी दोन जनुके होती. जनुक एका सजीवातून पार दुसऱ्यात गेले, हे ‘सीमापार’सारख्या शब्दांशी परिचित असलेल्या वाचकाला ‘पार’ या उपपदातून कळते. तणनाशकाला दाद न देणारे, परवानगी नसलेले जे बियाणे आपल्याकडे ‘चोरबीटी’ या नावाने ओळखले जाते, तेही पारजनुकीयच. मात्र ‘चोरबीटी’ हा शब्द जनुकाविषयी काही न सांगता कायद्याविषयी सांगतो, आणि तेवढ्यापुरता तो फार चपखल आहे.

धानाची गोष्ट वेगळी आहे. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘डीआरआर धान १००’ अर्थात ‘कमला’ या वाणात सांबा मसुरी या जुन्या धानवाणाच्या स्वतःच्याच जनुकात क्रिस्पर या, जनुकात नेमक्या जागी बदल करण्याच्या तंत्राने बदल केलेला आहे. त्यात परके जनुक ठेवलेले नाही. अशा प्रकारच्या पिकांना भारत सरकारने मार्च २०२२ मध्ये पारजनुकीय पिकांसाठीच्या नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली. म्हणजे शब्दांची सरमिसळ झाली की कायद्याचीही सरमिसळ होते.

यासाठी ‘जनुकसंपादित’ हा शब्द रूढ होत आहे. त्याविषयी एक सावधगिरी सांगतो. संस्कृतात ‘संपादन’ म्हणजे मिळवणे. ‘ज्ञान संपादन करणे’, ‘विश्वास संपादन करणे’ यांत तोच अर्थ आहे. धरण आणि महामार्गांसाठी जमिनी दिलेल्या गावांत तर हा शब्द ‘भूसंपादन’ म्हणूनच कानावर येतो. तेथे ‘जनुकसंपादन’ म्हणजे कुठून तरी जनुक आणणे असा समज होऊ शकतो, जो पारजनुकीय तंत्राला लागू पडेल आणि संपादनाला अजिबात नाही. तरीही वृत्तपत्राच्या संपादनामुळे ‘आहे त्या मजकुरात दुरुस्ती’ हा अर्थ मराठीत पक्का झालेला असल्याने लेखनात मी हा शब्द ठेवीन. बोलताना मात्र ‘धानाच्या स्वतःच्या जनुकात केलेली दुरुस्ती’ असे उलगडून सांगावे. ‘फेरफार’ सुटसुटीत असला तरी तलाठ्याच्या नोंदीशी आणि लबाडीशी जोडलेला असल्यामुळे मी तो सुचवत नाही.

तेव्हा वृत्तांतातील वाक्य असे असावे: ‘संशोधकांनी पारजनुकीय कपाशी आणि जनुकसंपादित धान यांतील फरक शेतकऱ्यांना समजावून सांगितला.’