न्यूटनचा पहिला नियम दुसऱ्याच्या पोटात मावतो का?

दुसऱ्या नियमात (बल = वस्तुमान × त्वरण) बल शून्य धरलं की त्वरण शून्य येतं, मग पहिला नियम (बल नसेल तर वस्तू स्थिर किंवा एकसमान वेगात राहते) वेगळा कशाला, आणि तिसऱ्याचा (प्रत्येक क्रियाबलाला समान आणि विरुद्ध प्रतिक्रियाबल असतं) या दोघांशी संबंध काय, असं तुम्ही विचारलंय.

गणित बरोबर आहे. पण ते कुठून मोजायचं, हे दुसरा नियम सांगत नाही. बसने ब्रेक मारला की बसच्या आत खाली ठेवलेला चेंडू पुढे घरंगळतो. बसच्या हिशेबाने त्याला त्वरण आहे, पण पुढे ढकलणारं कुणीच नाही. म्हणजे तिथून मोजलं तर बल = वस्तुमान × त्वरण जुळतच नाही. बल नसलेली वस्तू जिथून पाहता स्थिर किंवा एकसमान वेगात दिसते अशी चौकट (म्हणजे मोजण्याची जागा) असते, आणि ती आधी धरा, हे पहिल्या नियमाचं काम. (१६८७ मध्ये न्यूटनने तो असा मांडला नव्हता, त्याच्या डोक्यात निरपेक्ष अवकाश, म्हणजे कशाच्याही संदर्भाशिवाय स्थिर असलेलं अवकाश होतं. अशा चौकटीची, म्हणजे 'जडत्वीय चौकटी'ची, कल्पना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग लांगेची, १८८५ ची.)

तिसऱ्याची गंमत मला जास्त वाटते. दुसरा नियम मुळात एका कणाचा, आणि आपण तो बिनदिक्कत ट्रकला लावतो. ट्रकमधले असंख्य अणू एकमेकांना ओढत-ढकलत असतात. त्यांचा हिशेब न करता उत्तर बरोबर कसं येतं? आतल्या प्रत्येक बलाच्या जोडीचं उलट बलही आतच असतं, त्यामुळे त्या सगळ्यांची बेरीज शून्य. उरतात फक्त बाहेरची बलं, आणि त्यांनुसार वस्तुमानकेंद्राचं (सगळ्या वस्तुमानाच्या सरासरी जागेचं) त्वरण ठरतं. बाहेरचंही बल नसेल तर एकूण संवेग (वस्तुमान × वेग) कायम राहतो. म्हणजे संवेग अक्षय्यता दुसऱ्या आणि तिसऱ्यातून निघते, आणि अख्ख्या ट्रकसाठी पहिला नियम परत हाती येतो. तिसरा नसता तर ट्रक आतल्या आत स्वतःला ढकलून चालू पडला असता!

एक घोळ मात्र टाळा. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, ती समान असतात ते त्वरण शून्य आहे म्हणून, म्हणजे दुसऱ्या नियमाने. वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं ते बल.

या तिघांत आधी डगमगतो तो तिसरा. दोन गतिमान विद्युतभारांमधली चुंबकीय बलं नेहमी समान आणि विरुद्ध नसतात. संवेग अक्षय्यता तिथेही टिकते, फक्त विद्युतचुंबकीय क्षेत्राचा संवेगही बेरजेत धरावा लागतो.