हात हलवल्याची नुसती कल्पना ईईजीवरून, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींवरून, ओळखायची आहे, डावं-उजवं ५५ टक्क्यांवर अडकलंय. कोणतं डीप लर्निंग मॉडेल घेऊ?

मॉडेलचं राहू द्या. खुर्चीत बसलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता? "डावा हात हलवतोय अशी कल्पना करा", एवढंच ना? घोळ तिथंच आहे.

पुण्यात एका लॅबमध्ये मी हेच काम करायचो. सदाशिव पेठेतले एक तबलावादक काका प्रयोगाला आले होते. डोक्याला तेल चोपडलेलं, त्यामुळे इलेक्ट्रोड नीट बसेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला. पुढे सिग्नल स्वच्छ मिळाला, पण डावं-उजवं वेगळं निघेना. आमचे सीनियर म्हणाले, "काहींना जमतच नाही. यांचा डेटा वगळा, नेटवर्कचे थर वाढवा." मला ते अजिबात पटलं नाही. मी काकांनाच विचारलं, कल्पना करताना नेमकं काय होतं? म्हणाले, "माझा हात समोर दिसतो, आरशात दिसावा तसा." अहो, मग मोटर कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा हालचाल घडवणारा भाग, कशाला जागं होईल? म्हटलं, काका, हात बघू नका, डाव्या हाताने डग्ग्यावर 'घे' वाजवा, मनातल्या मनात. मनगटाचा पुडीवर पडणारा दाब जाणवू दे. उजव्या हाताला तबल्याच्या चाटेवर, म्हणजे काठावर, 'ना'.

पुढच्याच फेरीत 'घे'ला सी४ या इलेक्ट्रोडवर, म्हणजे डोक्याच्या उजव्या बाजूला (डावा हात मेंदूची उजवी बाजू सांभाळते), ८ ते १३ हर्ट्‌झचा म्यू ऱ्हिदम स्पष्ट खाली गेला; मोटर कॉर्टेक्स कामाला लागलं की ही लहर दबते. 'ना'ला डावीकडच्या सी३ वर. हात खरंच हलत नाही ना, हे बघायला मी दोन्ही हातांना कोपराच्या खाली ईएमजीचे, म्हणजे स्नायूंची विद्युत हालचाल टिपणारे, इलेक्ट्रोड लावले होते. स्नायू शांत होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या नॉयपर, फुर्टशेलर या संशोधक मंडळींनी २००५ मध्ये हेच मांडलंय: हालचाल डोळ्यांपुढे आणण्यापेक्षा अंगात जाणवून घेतली की वर्गीकरण सुधारतं. सीनियरांना हा पेपर दाखवला, तरी ते थरांचंच बोलत राहिले.

मॉडेल हवंच असेल तर ८ ते ३० हर्ट्‌झचा फिल्टर, सीएसपी (दोन कल्पनांमधला फरक ठळक करणारी चॅनेलची मिश्रणं) आणि एलडीए (साधी सरळ रेषेने वर्गीकरण करणारी पद्धत). कोड आधी बीसीआय (मेंदू-संगणक जोडणी) कॉम्पिटिशन ४ च्या २ए डेटावर तपासा. ९ माणसं, २२ ईईजी चॅनेल, सगळं तयार आहे. एकाच ट्रायलचे, म्हणजे एका वेळच्या कल्पनेच्या नोंदीचे, तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर आकडा खोटा फुगतो.

हेही खरं की सूचना बदलूनही काहींचा सिग्नल येत नाही. त्यांचाही निकाल रिपोर्टात लिहा. माणसं वगळून काढलेली सरासरी मी तेव्हा मान्य केली नव्हती, आजही करत नाही.