माफी, दिलगिरी आणि ग्रामसभेचा ठराव

गोदाकाठच्या एका गावातून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "आमच्याकडे अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावं घुसवल्याचं उघडकीला आलं. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यांच्या खात्यात पैसे गेले आणि ज्यांचं सोयाबीन पाण्याखाली गेलं ते यादीबाहेर. चौकशी लागल्यावर एका पुढाऱ्याने जाहीर सभेत 'दिलगिरी व्यक्त' केली. आमचे चुलते म्हणाले, ही काय माफी न्हाई. मी म्हणालो, काका, शब्द वेगळा, अर्थ एकच. बरोबर कोण? माफी उर्दू आहे, तर शुद्ध मराठीत क्षमा म्हणावं का? आणि ग्रामसभेच्या ठरावात यातलं काय लिहावं?"

चुलते बरोबर आहेत. कोशात शेजारी शेजारी अर्थ दिसले म्हणून दोन शब्द एक होत नाहीत. वाक्यात घालून बघितलं की फरक लगेच कळतो.

माफी 'कुणाची' तरी मागावी लागते. नुसतं 'माफी मागतो' म्हटलं तरी ऐकणारा मनात विचारतोच, कुणाची? आणि एकदा मागितली की ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या हातात गेलं. तो 'नाही देत जा' म्हणू शकतो. दिलगिरीला 'कुणाची' लागत नाही. तिला 'कशाबद्दल' एवढंच पुरतं: 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी'. ती व्यक्त करायची आणि खुर्चीवर जाऊन बसायचं. दिलगिरी कुणी नाकारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, कारण ती कुणापुढे ठेवलेलीच नसते. खेद तर आणखी पुढचा. 'मला खेद वाटतो' म्हणजे जसा ताप येतो, भूक लागते, तसा मला खेद वाटतो. त्यात करणारा कुणी नाहीच.

व्युत्पत्तीही हेच सांगते. दिलगीर हा फारसी शब्द. जहागीर, आलमगीर, दस्तगीर यांत जो 'गीर' आहे तोच इथे, म्हणजे धरणारा, घेणारा. दिलगीर म्हणजे ज्याचं मन कशाने तरी धरलं गेलंय असा, खिन्न. जुन्या मराठीत माणूस कुणाच्या मृत्यूनेही दिलगीर होई, त्यात त्याचा अपराध असायची गरज नव्हती. खेद संस्कृत, त्याच्या पोटात थकव्याचाही अर्थ आहे. माफी अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आली, मुळात पुसून टाकणे, सूट देणे. म्हणजे दिलगिरी आणि खेद हे बोलणाऱ्याच्या मनाचे हवामान सांगणारे शब्द, आणि माफी हा दोघांमधल्या हिशेबाचा शब्द.

हिशेबावरून आठवलं. लहानपणी वडलांबरोबर परभणीच्या मोंढ्यात जायचो. आडत दुकानात गादीवर मुनीम बसलेले, पुढ्यात उतरता पेटारा, त्यावर वही. एकदा एक म्हातारे शेतकरी पट्टी हातात घेऊन परत आले. तुरीची दहा पोती घातली होती, पट्टीवर नऊ. "मुनीमजी, धा पोते घातले म्या. तुमी नऊच लिवले." मुनिमांनी काट्याची चिठ्ठी काढली, बोट ठेवून वाचली, चष्मा वर केला. "चुकलं मामा. बसा." मग नवाचा आकडा खोडला, वर दहा लिहिले, बाजूला सही केली, हमाली-तोलाई पुन्हा धरली आणि फरकाचे पैसे मोजून दिले. चहा सांगितला तो शेवटी. माफी, दिलगिरी, क्षमा, एकही शब्द निघाला नाही. त्या पट्टीच्या तळाशी मात्र छापलेलं होतं: चू. भू. दे. घे. चूकभूल देणेघेणे. व्यापाऱ्यांच्या मराठीत चूक ही 'द्यायची-घ्यायची' वस्तू आहे. सापडली की रकमेसकट परत करायची.

घरातही आपण माफी हा शब्द फारसा वापरत नाही. धाकटा थोरल्याला म्हणतो, 'चुकलं, पोटात घाला.' तुळजापूरला आईपुढे बाया म्हणतात, 'चुकलं-माकलं पदरात घे.' पोट आणि पदर, दोन्ही समोरच्याचे. 'माफ कर बाबा' आपण म्हणतो ते दारात आलेल्या भिक्षेकऱ्याला, आणि त्याचा अर्थ असतो 'पुढं हो'. पुढाऱ्यांच्या काही माफ्या मला याच जातीच्या वाटतात, पण ते असो.

आता तुमच्या सभेतलं वाक्य. तुम्ही पाठवलेल्या कात्रणात आहे: 'प्रशासकीय पातळीवर काही चुका झाल्या असल्यास त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो.' या वाक्यात दिलगिरीपेक्षा मला 'चुका' जास्त खटकल्या. चुकणे हे अजाणता घडतं. वाट चुकते, वासरू गाईला चुकतं, गणित चुकतं. भूमिहीन माणसाच्या नावावर दोन हेक्टर पेरा दाखवायला नाव, खाते क्रमांक, क्षेत्र, टक्केवारी असे चार रकाने भरावे लागतात. चारही रकाने एकाच माणसाच्या फायद्याचे चुकत नसतात. त्याला मराठीत अपहार म्हणतात, लबाडी म्हणतात, आणि अगदी नेमका शब्द हवा तर अफरातफर. हा शब्दही अरबीच, अति आणि उणे अशा अर्थाच्या 'इफ्रात-तफ्रीत' या जोडीतून आलेला. हिंदीवाले त्याच जोडीची 'अफरातफरी' करून गोंधळ, पळापळ असा अर्थ घेतात, मराठीने तिला थेट तिजोरीपाशी नेऊन बसवलं. इकडचं काढून तिकडे करणं, ही झाली अफरातफर.

मग 'झाल्या'. 'चुका केल्या' असं नाही, 'झाल्या'. पाऊस झाला, लग्न झालं, तशा चुका झाल्या. आणि वर 'असल्यास'. म्हणजे चुका झाल्याचं अजून ठरलेलंच नाही, दिलगिरी मात्र आगाऊ जमा. यामागे वकिली सल्लाही असतो. स्पष्ट शब्दांत माफी मागितली की ती कबुली धरली जाऊ शकते आणि कबुली उद्या कोर्टात समोर येते. दिलगिरीतून कबुली काढणं अवघड. म्हणून प्रकरण जितकं पैशाचं, तितका शब्द पातळ.

एक गंमत बघा. आपल्याकडे पुढारी जीभ घसरल्याबद्दल माफी मागतात, पैशाबद्दल जवळजवळ नाहीच. सिंचनावरच्या खर्चाबाबत आरोप झाले तेव्हा, सप्टेंबर २०१२ मध्ये, अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पदावर परतले. एप्रिल २०१३ मध्ये मराठवाडा टँकरवर जगत असताना त्यांनी 'धरणात पाणी नाही तर काय लघवी करायची का' हे कुप्रसिद्ध विधान केलं, तेव्हा मात्र माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर उपोषणाला बसले. त्याला नाव दिलं होतं 'आत्मक्लेश'. शब्द भारी आहे. क्लेश कुणाला? आत्म्याला. ज्यांची जनावरं छावणीला बांधलेली होती त्यांच्यापर्यंत तो शब्द व्याकरणानेच पोचत नाही.

उलट उदाहरणही देतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. दोन दिवसांनी याच अजित पवारांनी आपल्या लातूर जिल्ह्यातल्या सभेत राज्यातल्या जनतेची माफी मागितली. ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांनी महाराजांची आणि त्यांना दैवत मानणाऱ्यांची माफी मागितली. इथे 'कुणाची' ही जागा भरलेली होती, शब्दही दिलगिरी नव्हता. विरोधकांनी लगेच दुसऱ्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं: कशाबद्दल? पुतळा पडला याबद्दल, की काम ज्याला दिलं त्याबद्दल? माफीच्या वाक्याला दोन खुंट्या लागतात, कुणाची आणि कशाबद्दल. एक ढिली राहिली की वस्त्र लोंबतं.

पैशाच्या किंवा पदाच्या गैरवापराच्या प्रकरणात आपला रूढ शब्द राजीनामा. मराठवाड्याने दिलेल्या मुख्यमंत्र्यांपैकी दोघांचं पद असं गेलं. निलंग्याच्या शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी १९८६ मध्ये मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर, आणि नांदेडच्या अशोक चव्हाणांनी २०१० मध्ये 'आदर्श' सोसायटीच्या प्रकरणात राजीनामा दिला. आता शब्द फोडून बघा: राजी + नामा. राजी असल्याचा कागद. उर्दूत आजही राजीनामा म्हणजे तडजोडपत्र, पद सोडण्याला तिथे इस्तीफा म्हणतात. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुलात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. सोडणाऱ्याचा कागद राजीचा, कबुलीचा कागद दुसऱ्याच कुणाचा! राजीनाम्यात अपराध मान्य केलेला नसतो, फक्त उठायला तयार असल्याचं लिहिलेलं असतं. 'नैतिक जबाबदारी' हे शेपूट नंतर जोडलं गेलं.

तुमच्या चुलत्यांच्या कानाला माफीचा अर्थ इतका काटेकोर का, याचं माझं एक कारण आहे. शेतकऱ्याला माफी हा शब्द ऐकून माहीत आहे तो सरकारकडून खाली येणारा: सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी. ही माफी कशी मिळते हे त्याला पाठ आहे. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा होती, ऑनलाइन अर्ज होता, सेवा केंद्रावर नवराबायकोला रांगेत उभं राहून अंगठे द्यावे लागले होते, मग याद्या, मग यादीत नाव नाही म्हणून बँकेत खेटे. शेतकरी संघटनेने तर या शब्दावरच हरकत घेतली होती. आम्ही काय गुन्हा केला म्हणून माफी? कर्जमुक्ती म्हणा. २०१९ च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' आली. ज्याने स्वतःच्या माफीसाठी निकष, पुरावे, अंगठे दिले, तो माइकवरून आलेली दिलगिरी एका वाक्यात कशी मान्य करील? त्याच्या हिशेबाने माफी झाली की खातं निरंक व्हायला पाहिजे, आणि इथे खात्यात फरक तसाच.

माफी मागणे आणि देणे या दोन्हींना एकच शब्द असल्याने बातम्यांतही घोळ होतो. अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणानंतर, ८ सप्टेंबर १९७४ ला, अध्यक्ष फोर्ड यांनी आधीचे अध्यक्ष निक्सन यांना 'माफी दिली'. मराठीत वाचणाऱ्याला वाटेल, म्हणजे निक्सननी मागितली असणार. निक्सन यांनी चुका मान्य करणारं निवेदन काढलं होतं, गुन्हा कबूल केला नव्हता. लोकांचा राग देणाऱ्यावर निघाला, फोर्ड यांची लोकप्रियता धाडकन घसरली आणि १९७६ ची निवडणूक ते हरले. आपल्या कोर्टातला 'माफीचा साक्षीदार' निदान सगळं खरं सांगण्याच्या अटीवर माफी घेतो. ही अट सभेतल्या माफीला नसते.

विश्वासाबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, पण चुलत्यांचा रोख तिकडेच दिसतो. मराठीत विश्वास बसतो आणि उडतो, पाखरासारखा. आपण तो 'ठेवतो', ठेव ठेवावी तसा. पुढारी म्हणतात, 'जनतेचा विश्वास परत मिळवू.' तालुक्याच्या गावी पतसंस्थेत ठेव अडकलेल्या माणसाला विचारा, त्याला 'परत मिळवू' हे वाक्य आधी 'परत देऊ' असं ऐकायचं असतं.

क्षमेचं आता उरकतो. क्षमा शुद्ध आणि माफी अशुद्ध असं काही नाही. माफी मराठीत शतकानुशतकं मुरलेली आहे आणि निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आपल्याकडचा सगळा दफ्तरी कारभारच उर्दूत होता. ती आता परकी ठरवून काय मिळणार? शिवाय क्षमेचा मूळ धातू 'क्षम्' म्हणजे सोसणे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात ते याचसाठी. पैठणला अजून सांगतात, नाथ गोदावरीहून न्हाऊन आले की एकजण अंगावर थुंकायचा आणि नाथ पुन्हा न्हायला जायचे. ती क्षमा, सोसणाऱ्याची. ज्यांचं अनुदान दुसऱ्याने उचललं त्यांच्याकडून ती ठराव करून मागू नका.

तेव्हा ठरावात 'माफी' लिहा. पण त्याहून जपा ते क्रियापदांच्या क्रमाला. 'माफी मागून रक्कम जमा करावी' असं लिहिलंत तर माफी आधी, रक्कम सवडीने. 'मागून', 'करून' असा 'ऊन' प्रत्यय लागलेलं काम आधी होतं. म्हणून प्रोसिडिंगमध्ये असं घ्या: 'संबंधितांनी उचललेली रक्कम शासनाकडे जमा करून, वगळलेल्या पात्र शेतकऱ्यांची नावे यादीत घेऊन, ग्रामसभेपुढे ग्रामस्थांची माफी मागावी.' कुणाची हेही त्यात आलं. ग्रामसेवकांनी टाइप करताना 'दिलगिरी'च घातली, तर निदान 'गि' ऱ्हस्व आहे ना बघा. दिलगीर दीर्घ, दिलगिरी ऱ्हस्व. तुमच्या कात्रणात तेही चुकलंय.